मत्तय आणि लूक: येशूजन्माचे दोन वृत्तांत समोरासमोर लावताना

प्रश्न

मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांतले पहिले दोन-दोन अध्याय अभ्यासगटासाठी तक्त्यात मांडायचे आहेत. डावीकडे मत्तय, उजवीकडे लूक, ओळी घटनाक्रमाने. लूक २:३८ पर्यंत कसेबसे जमते, पुढे तक्ता मोडतो. मागी लोकांची (पूर्वेकडून आलेल्या ज्योतिष्यांची) भेट आणि हेरोद राजापासून बाळाला वाचवण्यासाठी केलेला मिसरचा प्रवास लूकच्या कोणत्या दोन वचनांमध्ये घालायचा? मंदिरातल्या विधीच्या आधी की नंतर? योसेफाचा बाप मत्तयात याकोब आणि लूकमध्ये (३:२३) एली, हे एका ओळीत कसे लिहावे? लूक २:२ मधल्या नावनिशीचे (रोमन शिरगणतीचे) साल आणि हेरोदाच्या मृत्यूचे साल जुळत नाही म्हणतात, तो फरक नेमका किती?

प्रतिसाद १

ओळी घटनाक्रमाने आखल्यात, तिथेच गाडी अडली. एकच घटनाक्रम आखला की दोन्ही वृत्तांत एकमेकांत बसतात हे आधीच मान्य केल्यासारखे होते, आणि तपासायचे तर नेमके तेच आहे.

आधी लूक मिटून ठेवा. मत्तय १:१८ ते २:२३ एका बैठकीत वाचा आणि प्रत्येक प्रसंगासमोर चारच गोष्टी टिपा: स्थळ, बोलणारा, ऐकणारा, आणि जुन्या करारातले वचन उद्धृत केले आहे का. मग मत्तय मिटून लूक १:५ ते २:४० तसाच वाचा. दोन्ही टिपणे पुरी झाल्यावर तिसरा रकाना आखा, ‘दोघांतही’. त्यात फक्त दोघांनी स्पष्ट सांगितलेले जाईल: मरीया-योसेफाची मागणी झालेली असणे, दाविदाचा वंश, पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा, ‘येशू’ हे नाव देवदूताने सांगणे, हेरोदाचा काळ, बेथलेहेमातला जन्म, नासरेथात वाढणे. हा रकाना लहान निघतो, पण दोन वेगळ्या वाटांनी आलेली साक्ष म्हणून तो फार मोलाचा आहे.

या टिपणांतून जे दिसते ते घटनाक्रमाच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. मत्तयात योसेफाला मार्गदर्शन मिळते ते दर वेळी स्वप्नात (१:२०, २:१३, २:१९, २:२२), आणि मरीया एक शब्दही बोलत नाही. लूकमध्ये योसेफ गप्प आहे. गब्रीएल देवदूत थेट मरीयेपुढे येतो, ती त्याला उलट प्रश्न विचारते आणि पुढे स्तोत्र गाते. बाळाचे नाव ठेवायला मत्तय १:२१ मध्ये योसेफाला सांगितले आहे, लूक १:३१ मध्ये मरीयेला. ‘देवदूताचा संदेश’ अशी एकच ओळ केलीत तर हा सगळा फरक पुसला जातो.

आठवणीतून रकाना भरू नका. मागी तिघे होते असे मत्तय म्हणत नाही, तो भेटी तीन सांगतो: सोने, ऊद, गंधरस. ते राजे होते असेही म्हणत नाही. बैल आणि गाढव तर दोन्ही वृत्तांतांत नाहीत, ती जोडी यशया १:३ मधून चित्रांत आली.

प्रतिसाद २

मिसरच्या प्रश्नाबद्दल. जुन्या करारातल्या लेवीय १२ प्रमाणे मुलगा झाल्यावर शुद्धीकरणाचे दिवस ७ + ३३, म्हणजे ४०. लूक २:२२ मधला विधी त्यानंतरचा. तिथे अर्पण आहे होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले. कोकरू परवडत नसेल तर द्यायचे ते हे अर्पण (लेवीय १२:८).

आता मागी लोकांना ४० दिवसांच्या आत आणा. मग सोने हाती असताना गरिबाचे अर्पण का, आणि ज्या हेरोदापासून पळायचे त्याच्याच यरुशलेमेत, मंदिरात, उघडपणे बाळ कसे नेले? बेथलेहेम तिथून जेमतेम ९ किलोमीटरवर. बरे, विधीनंतर आणा, तर लूक २:३९ आडवे येते: नियमशास्त्राप्रमाणे सर्व उरकल्यावर ते गालीलात, आपल्या गावी नासरेथास परतले. मध्ये मिसरला जागाच नाही.

मेळ घालणारे म्हणतात की लूक मधला काळ गाळतो, आणि हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लूकचा २४ वा अध्याय वाचताना पुनरुत्थान ते स्वर्गारोहण एकाच दिवशी घडल्यासारखे वाटते, पण त्याच लेखकाच्या प्रेषितांची कृत्ये १:३ मध्ये मध्ये ४० दिवस आहेत. गाळण्याची सवय त्याला नक्कीच आहे.

खरी गाठ मत्तय २:२२-२३ मध्ये आहे. मिसरहून येताना योसेफाचा रोख यहूदीयाकडेच दिसतो. तिथे हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे कळल्यावर तो भितो, आणि मग गालीलातल्या ‘नासरेथ नावाच्या गावी’ जाऊन राहतो. मत्तयात नासरेथचे नाव येते ते इथे पहिल्यांदा, तेही नव्या गावाची ओळख करून द्यावी तसे. लूकमध्ये नासरेथ हे मुळातच त्यांचे गाव (१:२६, २:४) आणि बेथलेहेमला जायला कारण लागते. मत्तयात उलट, नासरेथला जायला कारण लागते. तक्त्यात ही दोन वाक्ये शेजारी लिहा आणि मधली जागा कोरी सोडा.

प्रतिसाद ३

वंशावळी एका ओळीत बसवू नका, त्यांना वेगळे पान द्या. मत्तय अब्राहामापासून खाली येतो, लूक येशूपासून वर आदामापर्यंत जातो. दाविदानंतर मत्तय शलमोनाच्या शाखेने जातो, लूक नाथानाच्या. शल्तीएल आणि जरुब्बाबेल दोघांत भेटतात, मग वाटा पुन्हा फुटतात आणि योसेफापाशी मिळतात.

मत्तयाच्या १४-१४-१४ पिढ्यांच्या तीन गटांच्या मांडणीत (१:१७) मोजणारे नेहमी चुकतात. तिसऱ्या गटात सरळ मोजली तर १३ च नावे भरतात, दुसऱ्या गटाच्या शेवटचा यखन्या पुन्हा धरावा लागतो. दुसऱ्या गटात योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे, अहज्या, योवाश आणि अमस्या, गाळलेले आहेत. हिब्रू अक्षरमूल्यांनी ‘दावीद’ची बेरीज ४ + ६ + ४ = १४ होते, त्यामुळे हा आकडा मुद्दाम साधला असावा असे बरेच अभ्यासक मानतात.

लूकची वंशावळ मरीयेची, असे सांगून प्रश्न मिटवतात. पण ३:२३ मध्ये नाव योसेफाचे आहे, मरीयेचे नाही. तो तर्क तक्त्यात लिहायचा तर ‘तर्क’ म्हणूनच लिहा.

प्रतिसाद ४

सालांचा हिशेब: हेरोदाचा मृत्यू सर्वसाधारणपणे इ.स.पू. ४ मध्ये धरतात. सूरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याची नावनिशी योसेफस इतिहासकाराच्या मते अर्खेलावाला पदच्युत केल्यावर झाली, म्हणजे इ.स. ६. शून्य साल नसल्यामुळे अंतर ९ वर्षे येते, घाईत १० लिहिले जाते. शिवाय इ.स. ६ मध्ये गालील हेरोदाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा याच्या ताब्यात होता, नासरेथकराला यहूदीयातली रोमन नावनिशी लागू होण्याचे कारण दिसत नाही.

लूक २:२ मध्ये या नावनिशीला ‘पहिली’ म्हटले आहे; त्या ‘पहिली’चा अर्थ ‘क्विरीनियच्या आधीची’ असा लावणारेही आहेत. ग्रीक व्याकरणाला तो अर्थ ओढूनताणून लावावा लागतो असे माझे मत. लूकला ही नावनिशी आणि तिच्या वेळचे गालीलकर यहूदाचे बंड ठाऊक आहे (प्रेषितांची कृत्ये ५:३७), म्हणून २:२ मध्ये त्याला तीच अभिप्रेत असावी.

प्रश्नकर्ता

ओळी खोडून तीन रकाने केले. एक शंका उरली: मत्तय २:११ मध्ये ‘घर’ आणि लूक २:७ मध्ये गव्हाणी, हा विरोध मांडायचा का?

प्रतिसाद २

विरोध म्हणून नको. मराठीत आपण ‘उतारशाळेत जागा नव्हती’ वाचतो, पण मूळ ग्रीक शब्द ‘कतालुमा’ आहे, आणि लूक २२:११ मध्ये हाच शब्द वल्हांडणाच्या (यहुदी सणाच्या) जेवणाच्या खोलीसाठी येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (१०:३४) खरीखुरी उतारशाळा आहे, तिथे लूक ‘पांदोखेइओन’ हा वेगळा शब्द वापरतो. म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती म्हणून बाळाला घरातल्याच गुरांच्या गव्हाणीत निजवले, असा अर्थ सहज लागतो. शिवाय मागी येईपर्यंत किती काळ गेला हे मत्तय सांगत नाही. हेरोद मात्र दोन वर्षांपर्यंतची मुले धरतो (२:१६). ‘घर’ आणि ‘गव्हाणी’ आपापल्या रकान्यात राहू द्या, खाली ‘कतालुमा’ची टीप द्या.