पनामाचा मोला: उशीचे अभ्रे करू का?

वाकळवाली, दापोली
लेक जहाजावर आहे. गेल्या महिन्यात बाल्बोआ बंदरात साइन ऑफ झाला, म्हणजे जहाजावरून उतरला, येताना पनामातून कापडाचे दोन चौकोन घेऊन आला. मोला म्हणतात म्हणे. तांबड्यावर काळे-नारिंगी मासे. मला वाटलं, आपल्या वाकळीसारखी वरून ठिगळं लावली असतील. उजेडाला धरलं तर मासा वरच्या कापडातून कापलाय आणि खालचा रंग वर आलाय! हे शिवतात कसं? आणि दोन उशांचे अभ्रे बरोबर होतील, करू का?

कातळावरचा
काकू, फ्रेम करा. ऊन येणार नाही अशी भिंत बघा, तांबडा रंग लवकर विटतो.

मिऱ्या बंदर
ताई, अभ्रे नका करू. आधी कडा बघा. सुईची जुनी भोकं दिसली, तर ते कुणा बाईच्या ब्लाउजचे पुढचा आणि पाठीचा भाग आहेत, अंगावर वापरलेले. गुना लोकांच्या भाषेत मोला म्हणजे अंगातला कपडाच. दोन्ही मासे सारखे वाटतात, पण कुठेतरी फरक असतो.

दोन-तीन रंगांची सुती कापडं एकावर एक ठेवून कच्चा टाका घालतात. मग वरचं कापड नक्षीप्रमाणे थोडंसंच कापायचं, कड सुईच्या टोकानं आत दुमडायची, त्याच रंगाच्या दोऱ्यानं तुरपायची, की पुढचं बोटभर कापायचं. एकदम कापलं तर सुतं निघतात. टाका शोधावा लागला तर हात चांगला.

ही गुना माणसं पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, गुना यालाच्या बेटांवर राहतात. आपल्यासारखेच माड. नारळ देऊन कोलंबियाच्या होड्यांकडून सामान घ्यायची त्यांची जुनी रीत. पनामा सरकारनं बायकांना हा पोशाख आणि नाकातली सोन्याची रिंग सोडायला लावली, तेव्हा 1925 च्या फेब्रुवारीत त्यांनी बंड केलं. बेटांवर दर 25 फेब्रुवारीला ते आजही करून दाखवतात. ज्या कपड्यापायी माणसं मेली, त्यावर डोकं टेकायला माझं तरी मन होणार नाही.

आणि लेकाला सांगा, पुढच्या खेपेला नोव्हेंबरात खरेदी काढू नको. 3 तारखेला पनामा कोलंबियापासून वेगळा झाल्याचा दिवस (1903), 28 ला स्पेनपासून स्वातंत्र्याचा (1821), मध्ये 5 आणि 10 ला पण सुट्टी. गल्लोगल्ली शाळेच्या पोरांचे ढोल. 8 डिसेंबरला तर मातृदिनाची सरकारी सुट्टी! त्या दिवशी बंदराबाहेर सगळं बंद बघून मी एजंटला कारण विचारलं, आणि तसाच फोन गाठून आईशी बोललो. तिला वाटलं, काहीतरी झालंय.

वाकळवाली, दापोली
दादा, भोकं आहेत. एका माशाच्या शेपटीत चार पट्टे, दुसऱ्याच्या पाच! अभ्रे रद्द. सासूबाईंच्या फाटक्या लुगड्याचे दोन तुकडे घेऊन काल बसले. सरळ कड जमली, पण आतल्या कोपऱ्यात कापड गोळा होतं.

मिऱ्या बंदर
कोपऱ्यात तिरकी बारीक चीर द्या, दोन सुतांइतकीच, मग दुमडा. आणि लुगडं मऊ पडतं, खाली नवं मांजरपाट घ्या.