मदत हवी आहे : कॉलर्पाच्या एकाच पेशीत पाते आणि मूलाभ वेगळे कसे राहतात?

नमस्कार. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. मागच्या ओहोटीला रत्नागिरीजवळच्या खडकांवरून कॉलर्पा या हिरव्या शैवालाचे वीतभर तुकडे आणून विद्यार्थ्यांना दाखवले. सरपटत जाणारी दांडी, तिच्याखाली वाळूत रुतणारे मुळांसारखे धागे म्हणजे मूलाभ, वर पिसांसारखी पाती, आणि हे सारे मिळून एकच पेशी, असे सांगितल्यावर वर्गाचा विश्वास बसेना. एकपेशीय म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे अमीबा किंवा क्लॅमिडोमोनास येतो. दांडीचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा आत पेशींना विभागणाऱ्या भिंती नव्हत्याच. बाहेरच्या पेशीभित्तिकेपासून निघून पोकळी ओलांडणाऱ्या बारीक दांड्या मात्र दिसल्या, ज्या या नळीला आतून आधार देतात.

त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही. असंख्य केंद्रके आणि हरितलवके एकाच पेशीद्रव्यात आहेत आणि ते पेशीद्रव्य वाहतेही; मग पात्याने पाते व्हावे आणि मूलाभाने मूलाभ, हे ठरते कशाने? कॉलर्पा टॅक्सिफोलियावरील 2015 च्या अभ्यासात शरीराच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे संदेशवाहक आरएनए (जनुकांतली माहिती प्रथिने बनवण्यासाठी नेणारे रेणू) साठलेले आढळले, एवढे मी वाचले आहे. पण मध्ये भिंत नसताना हे आरएनए आपापल्या जागी टिकतात कसे, हे मला समजत नाही. खाली-वर या भेदाचा उलगडा त्या मानाने सोपा वाटतो. कॉलर्पा प्रोलिफेराची दांडी उलटी ठेवली, तर स्टार्चने भरलेली लवके नव्या खालच्या बाजूला जमतात आणि नवे मूलाभही तिथूनच फुटतात, म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षणाचा हात दिसतो. पाते आणि दांडी यांच्यातला फरक मात्र त्याने सुटत नाही.

‘एकपेशीय’ या शब्दाबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे. केंद्रके वारंवार विभागली तरी पेशीद्रव्य विभागले जात नाही, म्हणून ‘एकपेशीय, पण बहुकेंद्रकी’ असे मी सांगते आणि तेच मला योग्य वाटते.

दांडी उलटी ठेवण्याचा प्रयोग कोणी वर्गात केला असल्यास कृपया तपशील कळवावेत: समुद्राचे पाणी किती दिवसांनी बदलले, उजेड किती दिला, आणि आयोडीनने रंगवल्यावर टोकाकडची स्टार्चची लवके शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसली का?