मदत हवी आहे : सार्वजनिक जागेतील ध्वनिकृतीची नोंद कशी ठेवावी?

तालवादनाची कारकीर्द सोडून सार्वजनिक जागांसाठी ध्वनिरचना करणाऱ्या मॅक्स न्यूहाउस यांच्यावर मी दीर्घ लेख लिहीत आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्यातील लोखंडी जाळीखालून येणारा त्यांचा अखंड गुंजारव १९७७ साली सुरू झाला, १९९२ मध्ये थांबला आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेथे नामफलकही नाही, त्यामुळे अनेकांना ती कलाकृती आहे हे कळतही नाही (मला हेच तिचे बलस्थान वाटते).

माझी अडचण अशी आहे की, ऐकणारा चालू लागला की आवाज बदलतो आणि भोवतालची रहदारीही त्यात मिसळते, म्हणून एका ठिकाणी केलेले ध्वनिमुद्रण अशा कृतीचा पुरावा म्हणून फारच तोकडे पडते. न्यूहाउस स्वतः रेखाचित्र आणि त्यासोबत मजकूर अशी नोंद करत. वास्तुध्वनिशास्त्र किंवा कलासंवर्धन या क्षेत्रांतील जाणकारांनी कृपया सांगावे : आवाजाच्या पातळीचा नकाशा, स्पीकरच्या जागा आणि श्रोत्यांची वर्णने यांपैकी कशावर भर द्यावा? तसेच यंत्रणा जुनी झाल्यावर स्पीकर बदलले, तर कृती तीच राहिली हे कोणत्या कसोटीवर ठरवतात?