प्लास्टरच्या आत हाड कसं जुळतं, लेकीला काय सांगू?

आर्वीची_आई: लेक सात वर्षांची, गेल्या महिन्यात झोक्यावरून पडली, मनगटाच्या जरा वर फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले ग्रीनस्टिक आहे, काळजी नको. आता हिचे रोज प्रश्न, आत फेविकॉल घातलाय का? मी एकदा कामाच्या गडबडीत हो म्हणून मोकळी झाले, ते आता अंगाशी आलंय, तिला वाटतंय प्लास्टर काढलं की हाड सुटणार. त्यात शुक्रवारी प्लास्टर कापायचंय आणि चुलत भावाने सांगून ठेवलंय की करवतीने कापतात 😩

ऑर्थोवाली_ताई: आधी ते फेविकॉल मागे घ्या 😄 डॉक्टर हाड चिकटवत नाहीत, सरळ करून नुसतं धरून ठेवतात, जोडतं शरीरच. मोडलं तिथे रक्त साकळतं, त्या जागी मऊ भराव तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसून तो कडक होतो. एक्सरेत तिथे गाठीसारखं फुगीर दिसलं तर घाबरू नका, तोच नवा भराव, पुढे शरीर हळूहळू तासून सारखं करतं. ग्रीनस्टिक म्हणजे काय ते दाखवायला कडुनिंबाची ओली फांदी वाकवा, एका बाजूने चिरते पण तुटून हातात येत नाही, लहान मुलांची हाडं तशीच. आणि करवतीचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, कातडी त्याच्यासोबत हलते म्हणून सहसा कापत नाही. आवाज मात्र मिक्सरसारखा येतो. चटका लागला तर लगेच बोल, एवढं सांगून ठेवा.

दोन_पोरांचा_बाबा: आमच्या धाकट्याला प्लास्टर घालतानाच ते गरम लागलं तर हा ओरडायला लागला माझा हात शिजतोय!! जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलेली पावडर असते ती, पाणी परत मिळालं की घट्ट होते आणि गरम होते. नंतर घरी जुन्या डब्यात कालवून दाखवलं, पण बोट घालू देऊ नका, जाड थर भाजू शकतो. खाजवायला आत फुटपट्टी घातलेली त्याने, तो किस्सा नकोच.

नाशिकची_आजी: काढल्यावर हात बारीक दिसतो, सालपटं निघतात, वासही येतो, हे आधीच सांगा हो. आमची नात "हा माझा हात नाहीच" म्हणून दवाखाना डोक्यावर घेऊन बसलेली.

आर्वीची_आई: सगळ्यांना थँक्यू 🙏 फांदीचा प्रयोग झाला, फेविकॉलचंही खरं सांगितलं. आता विचारतेय, हाड मीच जोडलं तर डॉक्टरांनी पैसे कशाचे घेतले.