नावापुढे सर्टिफिकेशनची अक्षरं: लावावीत का, लावली तर किती?

राउटिंगटेबल (धागाकर्ता)

ईमेलची सही, व्हिजिटिंग कार्ड, बायोडेटाची पहिली ओळ, सगळीकडे नावापुढे सर्टिफिकेशनची माळ लावायची पद्धत आयटीत आता चांगलीच रुजली आहे. माझं मत सरळ आहे. नावापुढे एक, फार तर दोन. ज्या सर्टिफिकेशनमागे परीक्षेशिवाय अनुभवाची अट आणि आचारसंहिता आहे, जे आज चालू आहे आणि ज्याच्याशी वाचणाऱ्याचं काम आहे, तेवढंच लावा. बाकी सगळं बायोडेटाच्या आत, तारखेसकट.

एक नमुना घेऊ. रचलेला आहे, पण अशा सह्या रोज दिसतात: "अबक, एमसीएसई, सीसीएनए, आयटीआयएल, एझेड-९००, सीआयएसएसपी".

एमसीएसई: मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई ही तिन्ही ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. त्यात या अक्षरांचे अर्थही दोन. आधी 'सिस्टिम्स इंजिनियर', २०१२ पासून 'सोल्युशन्स एक्स्पर्ट'. माणूस विंडोज एनटी या जुन्या प्रणालीच्या काळातला की क्लाउडच्या, अक्षरांवरून काहीच कळत नाही.

सीसीएनए: सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेशन. मुदत तीन वर्षं. त्या आत ३० क्रेडिट (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवा किंवा परत परीक्षा द्या. मुदत उलटली की पहिल्यापासून सुरुवात. सहीत तारीख नसते, त्यामुळे चालू आणि संपलेलं दोन्ही सारखंच दिसतं.

आयटीआयएल: हे आयटी सेवा सांभाळायच्या कार्यपद्धतीच्या चौकटीचं नाव आहे. माणसाची पात्रता त्यातून कळत नाही. फाउंडेशन झालंय की वरची पातळी, हे न लिहिता नुसतं 'आयटीआयएल' लिहिणं म्हणजे इयत्ता न सांगता 'शाळा' लिहिण्यासारखं.

एझेड-९००: हा तर परीक्षेचा क्रमांक. सर्टिफिकेशनचं नाव 'अझूर फंडामेंटल्स' (अझूर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड). परीक्षेचा कोड नावापुढे लावायचा काहीच अर्थ नाही.

राहिलं सीआयएसएसपी, आयएससी-टू या संस्थेचं माहिती-सुरक्षेचं सर्टिफिकेशन. आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोनांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव, आधीच सर्टिफिकेशन असलेल्या सदस्याची शिफारस, तीन वर्षांत १२० क्रेडिट, दरवर्षी शुल्क, शिवाय आचारसंहिता. या ओळीत नावापुढे शोभेल असं हे एकच, आणि तेच माळेच्या शेवटी लटकलंय.

कोर्सला हजेरी लावली, परीक्षा पास झाली आणि अनुभव तपासून पात्रता मिळाली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वल्पविराम देऊन एका रांगेत बसवल्या की तिन्हींचं वजन सारखं दिसतं. नुकसान खरी मेहनत घेतलेल्याचं होतं, म्हणून मला ही पद्धत खटकते.

---

शोधखिडकी

असहमत, निदान अर्ध्या मुद्द्यांशी.

भरती करणाऱ्याच्या पडद्यावर आधी यादी येते. प्रत्येक उमेदवाराचं नाव, एक ओळ, झालं. बायोडेटा उघडायचा की नाही हे तिथेच ठरतं. शंभर 'नेटवर्क इंजिनियर' एकाखाली एक असताना ज्याच्या ओळीत सीसीएनपी (सीसीएनएच्या वरची पायरी) आहे त्याचा बायोडेटा आधी उघडला जातो. तुम्ही म्हणता तसं सगळं तिसऱ्या पानावर ठेवलं तर शोधयंत्राला ते सापडेल, माणसाच्या नजरेला नाही.

निविदांचंही तेच. 'प्रकल्प व्यवस्थापक पीएमपी असावा, सुरक्षा सल्लागार सीआयएसएसपी किंवा सीआयएसएम असावा' अशा अटी असतात. मूल्यांकन करणारा टिकमार्कचा तक्ता घेऊन बसतो. त्याला नावाशेजारीच उत्तर मिळालं तर तो पान उलटत बसत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

पण एक चूक सगळेच करतात, ती टाळा. ऑनलाइन अर्जात नाव आणि आडनावाच्या चौकटीत ही अक्षरं कधीही घालू नका. बायोडेटा वाचणारं सॉफ्टवेअर ओळीतला शेवटचा शब्द आडनाव धरू शकतं, मग 'सीआयएसएसपी' हेच आडनाव म्हणून नोंदलं जातं. पुढे पार्श्वभूमी तपासणीत ओळखपत्राशी नाव जुळत नाही आणि फाइल अडकते. बायोडेटात नाव एका ओळीत आणि अक्षरं लगेच खालच्या ओळीत ठेवा. माणसाला दोन्ही एका नजरेत दिसतं, सॉफ्टवेअरचाही गोंधळ होत नाही.

परीक्षेच्या नोंदणीतही हेच पाळा. खात्यावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर केंद्रावर परीक्षेला बसू देत नाहीत.

---

ताळेबंद

धागाकर्त्यांचा नमुना पटला, निष्कर्ष पटला नाही. अक्षरांकडे जाहिरात म्हणूनच बघितलं जातंय. त्यांची दुसरी बाजू जबाबदारीची आहे.

माहिती प्रणालींच्या लेखापरीक्षण अहवालाचं उदाहरण घ्या. खाली सही करणाऱ्याच्या नावापुढे सीआयएसए असतं. हे सर्टिफिकेशन १९७८ पासूनचं. आयसाका ही संस्था ते देते आणि तिची आचारसंहिता आहे. अहवाल वाचणाऱ्याला वाटलं की परीक्षकाने पुरावा न बघताच शेरा मारला, तर त्याला संस्थेकडे तक्रार करता येते आणि चौकशीअंती सर्टिफिकेशन काढूनही घेतलं जाऊ शकतं. म्हणजे ती चार अक्षरं लावून परीक्षक सांगतो की मी अमुक नियमांना बांधील आहे. ती झाकून ठेवणं नम्रपणाचं वाटेल, पण वाचणाऱ्याच्या हातातलं एक साधन त्यामुळे जातं.

कुठली अक्षरं या वजनाची आणि कुठली नाहीत याला मापही आहे. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. परीक्षा कशी रचायची, शिकवणारा आणि तपासणारा वेगळे कसे ठेवायचे, तक्रार कशी हाताळायची, सर्टिफिकेशन परत कसं घ्यायचं, हे सगळं त्यात येतं. सीआयएसएसपीला त्याखाली २००४ मध्ये मान्यता मिळाली. कोर्स पूर्ण केल्याचं प्रशस्तिपत्र या मापात बसतच नाही, कारण ते परत घ्यायची सोयच नसते. माझ्यापुरता 'हे काढून घेता येतं का?' हा एकच प्रश्न पुरेसा आहे. येत असेल तर नावापुढे लावा.

---

राउटिंगटेबल

@ताळेबंद, अहवालावरच्या सहीबाबत तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तिथे वाचणाऱ्याला गरज आहेच. माझा आक्षेप 'सर्व्हर रिस्टार्ट केला आहे, कृपया तपासा' एवढ्या एका ओळीच्या मेलखाली येणाऱ्या सहा ओळींच्या सहीला आहे.

@शोधखिडकी, दोन ओळींची सूचना उत्तम. पण यादीत उठून दिसण्यासाठी सगळ्यांनीच अक्षरं लावली तर कुणीच उठून दिसणार नाही. माळा लांबत जातात त्या यामुळेच.

---

शेलप्रॉम्प्ट

सुरक्षेचा मुद्दा अजून कुणी मांडला नाही. मला तो सर्वांत गंभीर वाटतो.

सहीत फायरवॉल कंपनीचं सर्टिफिकेशन, शेजारी व्हर्च्युअलायझेशनचं, शेजारी बॅकअप सॉफ्टवेअरचं. हल्लेखोराला कंपनीच्या आत काय काय चालतं याचा नकाशा आयता मिळाला. वर सहीत हुद्दा आणि थेट फोन नंबर. पुढची पायरी सोपी: 'तुमची क्रेडिट कमी पडत आहेत, सर्टिफिकेशन शुक्रवारी निलंबित होईल, इथे लॉगिन करा' असा मेल. ज्याने दोन वर्षं खपून ते मिळवलंय तो घाबरून क्लिक करतो. कुठलं सर्टिफिकेशन हे हल्लेखोराला तुमच्याच सहीने सांगितलेलं असतं.

रजेच्या ऑटो-रिप्लायमधूनही गळती होते. तो अनोळखी पत्त्यालाही जातो. उपाय पाच मिनिटांचा आहे:

१. आउटलुकमध्ये नवीन मेलसाठी वेगळी आणि उत्तर किंवा फॉरवर्डसाठी वेगळी सही ठेवता येते. उत्तराच्या सहीत नुसतं नाव आणि फोन.
२. एक्स्चेंजमध्ये (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) ऑटो-रिप्लाय संस्थेच्या आतल्यांसाठी वेगळा, बाहेरच्यांसाठी वेगळा लिहिता येतो. बाहेरच्यात सर्टिफिकेशन नको, हुद्दा नको, रजेची कारणंही नकोत.
३. नवीन मेलच्या सहीत ठेवायचंच असेल तर कुठल्याही एका कंपनीच्या उत्पादनाशी न बांधलेलं एक ठेवा.

---

शोधखिडकी

हीच माहिती सार्वजनिक प्रोफाइलवर असतेच की. सहीतून काढून काय साधणार?

---

शेलप्रॉम्प्ट

प्रोफाइल जुनं असू शकतं, माणूस नोकरी सोडून गेलेला असू शकतो. कंपनीच्या डोमेनवरून आजच्या तारखेला आलेली सही मात्र सांगते की हा माणूस आज इथे आहे आणि हीच यंत्रणा सांभाळतो. हल्लेखोराला ताजेपणाचीच गरज असते.

---

प्रात्यक्षिक_वही

मूळ धाग्यातला 'अनुभवाची अट' हा निकष मला अन्यायाचा वाटतो. त्याने उत्तमातली उत्तम सर्टिफिकेशन बाहेर पडतात.

आरएचसीईला (रेड हॅट कंपनीचं लिनक्सचं सर्टिफिकेशन) बसायला अनुभवाचा दाखला लागत नाही. पण परीक्षा पूर्ण हातावरची आहे. चालती यंत्रणा समोर देतात, काम करून दाखवायचं, आणि केलेलं रीबूटनंतरही टिकायला हवं. सेवा सुरू केली पण बूटला चालू करायची राहिली, की तिथे गुण गेले. ओएससीपीत (हल्ला करून सुरक्षा तपासणाऱ्यांचं सर्टिफिकेशन) २३ तास ४५ मिनिटं यंत्रणांत शिरायला, मग अहवाल लिहायला आणखी २४ तास. सिस्कोच्याच वरच्या पातळीच्या सीसीआयईची लॅब आठ तासांची. यात पाठांतर चालत नाही. पाच वर्षं नोकरी करून बहुपर्यायी प्रश्न सोडवणाऱ्यापेक्षा मी या माणसावर आधी विश्वास ठेवेन, मग तो कॉलेजातून कालच बाहेर पडलेला का असेना.

नवख्यांचा विचार करा. त्यांच्या बायोडेटात प्रकल्पांची यादी नसते. एक कष्टाने मिळवलेलं सर्टिफिकेशन असतं, तेही 'नावापुढे लावू नका' म्हणून आत ढकलायचं, हे मला मान्य नाही.

निकष हवाच असेल तर पडताळणीचा धरा. सीसीआयई बघा: प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. मालिकेची सुरुवात १०२४ पासून, पण तो क्रमांक प्रयोगशाळेलाच दिला आणि माणसांना १०२५ पासून मिळाले. म्हणून लोक 'सीसीआयई' लिहून पुढे क्रमांक लिहितात. हे मला सगळ्यांत प्रामाणिक लिहिणं वाटतं, कारण दावा आणि तो तपासायची किल्ली एकाच ओळीत येते. आरएचसीईवाल्यांनाही आयडी मिळतो, तो रेड हॅटच्या साइटवर टाकून कुणालाही बघता येतं.

---

राउटिंगटेबल

@प्रात्यक्षिक_वही, पटलं. अनुभवाचा निकष मागे घेतो. 'तिसऱ्या माणसाला आज तपासता येतं' हा निकष जास्त चांगला आहे. त्याने माझ्या नमुन्यातला सीसीएनएही वाचतो, तो चालू असेल तर. मात्र खालची पायरी वरच्यात धरावी. सीसीएनपी लिहिलं की सीसीएनए कशाला?

---

अर्धविराम

एक नेमका प्रश्न. सीआयएसएसपीची परीक्षा पास झाली, पण अनुभव अडीचच वर्षांचा आहे, अशा माणसाने काय लिहायचं? 'सीआयएसएसपी (पास)' किंवा 'सीआयएसएसपी असोसिएट' असं लिहिलेलं दिसतं.

---

ताळेबंद

दोन्ही चूक. त्याचा दर्जा 'असोसिएट ऑफ आयएससी-टू', आणि लिहायचं तेवढंच. सीआयएसएसपी ही अक्षरं कंसातसुद्धा नकोत, कारण संस्थेने ती वापरायची परवानगी त्याला अजून दिलेली नाही. अनुभव पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात, त्या काळात दरवर्षी १५ क्रेडिट लागतात.

मोजताना लोक दोन ठिकाणी चुकतात. मान्य पदवी किंवा मान्य सर्टिफिकेशन असेल तर एक वर्ष सूट मिळते. पण पदवी आणि सर्टिफिकेशन दोन्ही असली म्हणून दोन वर्षं मिळत नाहीत. अर्धवेळ कामही धरतात: आठवड्याला २० ते ३४ तास असेल तर १,०४० तास म्हणजे सहा महिने पूर्णवेळ.

आणि ज्याचा अनुभव आधीच पूर्ण आहे त्याने परीक्षेनंतर नऊ महिन्यांच्या आत शिफारशीसह अर्ज पूर्ण करावा. अर्ज मंजूर होईपर्यंत त्यानेही अक्षरं लावायची नाहीत. परीक्षा पास झाल्याच्या दिवशीच सही बदलणारे इथेच नियम मोडतात.

---

शोधखिडकी

याला जोडून, संपलेल्या सर्टिफिकेशनबद्दल. धागाकर्ते म्हणतात चालू असेल तेच नावापुढे, ते मान्य. पण संपलेलं बायोडेटातून पुसून टाकू नका. आत 'सीसीएनपी, २०१६–२०१९' असं दोन्ही वर्षांसकट लिहा. त्या काळात ते काम येत होतं, एवढं वाचणाऱ्याला कळतं, आणि खोटं काहीच नाही.

मायक्रोसॉफ्टच्या हल्लीच्या असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीच्या सर्टिफिकेशनना मुदत एकाच वर्षाची आहे. रिन्यूची चाचणी ऑनलाइन आणि मोफत आहे, मुदत संपायच्या सहा महिने आधी खुली होते. मुदत उलटली तर परत पैसे भरून मूळ परीक्षा. उलट कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस किंवा सिक्युरिटी प्लस २०११ च्या आधी मिळवलेल्यांचं कायमचं आहे. नंतरच्यांना तीन वर्षांची मुदत. त्यामुळे ही नावं बायोडेटात आली तर शेजारी वर्ष हवंच.

---

राउटिंगटेबल

मान्य. मग वरची सही माझ्या हिशेबाने अशी होईल. नव्या मेलच्या सहीत: "अबक, सीआयएसएसपी". उत्तरांत आणि ऑटो-रिप्लायमध्ये: "अबक". बायोडेटात पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत सीआयएसएसपी, आणि आत 'सर्टिफिकेशन' मथळ्याखाली सीसीएनए मिळाल्याच्या आणि संपण्याच्या वर्षासह, आयटीआयएल फाउंडेशन पातळीच्या नावासह, अझूर फंडामेंटल्स पूर्ण नावाने, एमसीएसई कुठल्या आवृत्तीचं ते लिहून. ज्याची ज्याची डिजिटल बॅजची (ऑनलाइन तपासता येणाऱ्या प्रमाणपत्राची) लिंक मिळते त्याच्या शेजारी ती लिंक.