परवाच्या वाढदिवसाविषयी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा, रविवार, १० मे २०२०

अ-३०१ (सकाळी ८.०५)
सर्व सभासदांना नमस्कार. ब-४०२ मधल्या काकांना परवा, १२ मे रोजी, पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त संध्याकाळी गच्चीवर 'अंतर राखून थोडा वेळ' जमायचे घाटत असल्याचे काल जिन्यात माझ्या कानावर आले. काकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तरीही गच्ची ३१ मेपर्यंत बंद ठेवण्याचे आपण सर्वांनी मिळून ठरवले आहे आणि ते कोणाच्याही वाढदिवसासाठी मोडू नये, अशी माझी विनंती आहे.

ब-४०१ (८.२१)
जिन्यात तुम्ही ऐकलेत ते माझेच बोलणे होते, तेव्हा उत्तरही मीच देते. काकांचा मुलगा परदेशात अडकला आहे, विमाने बंद आहेत आणि हा माणूस मार्चपासून घरात एकटा आहे. सात-आठ जणांनी सहा-सहा फुटांवर उभे राहून त्यांच्यासाठी एक गाणे म्हटले, तर कोणते आभाळ कोसळणार आहे? ज्यांना यायचे नसेल त्यांनी येऊ नये.

अ-३०१ (८.३४)
काकू, मला गाण्याचीच अधिक भीती वाटते. आजपासून बरोबर दोन महिन्यांपूर्वी, १० मार्चला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव झाला. साठेक गायक आले होते, हात मिळवणे आणि गळाभेट त्यांनी कटाक्षाने टाळली होती, तरी वृत्तपत्रांत आले त्याप्रमाणे तीन आठवड्यांत पंचेचाळीस जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. गच्ची ३१ मेपर्यंत बंद आहे, एवढेच मी पुन्हा नमूद करतो.

ड-५०२ (८.४७)
आमच्या घरी वाढदिवसाचे गाणे गेले दोन महिने दिवसातून दहा वेळा ऐकू येते, कारण हात पूर्ण वीस सेकंद धुतले जावेत म्हणून ते दोनदा म्हणायला मुलांना शिकवले आहे. रोज गाणे म्हणूनही कोणाचाच वाढदिवस का नसतो, असे धाकटी काल विचारत होती. अखेर एक वाढदिवस येतो आहे, या आनंदात दोघींनी काकांसाठी पुठ्ठ्याची शुभेच्छापत्रे केली आहेत. ती दाराखालून सरकवलेली चालतील का?

सचिव (९.०२)
मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला होता, पुठ्ठ्यावर मात्र २४ तासांनंतर तो जिवंत सापडला नाही. त्यामुळे शुभेच्छापत्रांना समितीची हरकत नाही. गच्चीबाबत निर्णय कायम आहे.

ब-४०१ (९.०६)
समितीची हरकत कशाला आहे आणि कशाला नाही, याची यादी एकदा दारावर लावून टाका. दारावर सूचना लावण्याचा अनुभव समितीला आहेच.

सचिव (९.०९)
काकू, जुने विषय या चर्चेत आणू नयेत, ही नम्र विनंती.

ब-४०२ (१०.१५)
माझ्यावरून दोन घरांत कटुता यावी, हे मला बरे वाटत नाही, म्हणून गच्चीचा विषय मीच मिटवतो. अ-३०१ यांचे म्हणणे योग्य आहे. कोणीही गच्चीवर जमू नये, मीही जाणार नाही. मुलींची शुभेच्छापत्रे उद्याच सरकवून ठेवावीत, म्हणजे एक दिवस ती तशीच ठेवून वाढदिवशी सकाळी मला निश्चिंतपणे वाचता येतील.

मात्र जुना विषय मला काढायचा आहे. गणित शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे, की माझी जन्मतारीख आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जन्मतारीख एकच आहे. क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंचे आकडे आकृत्यांत मांडून, सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले, हे त्यांनी राज्यकर्त्यांपुढे कसे ठेवले, यानेच माझा संख्याशास्त्राचा पहिला तास सुरू होई. त्यांचा जन्म १८२० चा, म्हणजे परवा दोनशे वर्षे होतील, आणि ही साथ येण्यापूर्वीच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. हे सारे ज्याला तोंडपाठ होते, त्याच माणसाने २१ मार्चला 'रुग्णालयात काम करणाऱ्या सभासदांनी लिफ्ट वापरू नये' या सूचनेखाली समितीचा सदस्य म्हणून सही केली. ती सूचना एकाच घरासाठी होती, हे आपण सगळे जाणतो. क-६०३ मधल्या ताई बारा-बारा तास उभ्याने काम करून तेव्हापासून सहा मजले चढत आहेत.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, मला ताप भरला. मी कोणालाही सांगितले नाही, कारण पुढची सूचना माझ्या दारावर लागेल, अशी मला भीती वाटली. रात्री साडेअकराला धीर सुटला तेव्हा मी फोन केला तो याच ताईंना. त्या माझ्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, मिनिटाला किती श्वास होतात ते मला मोजायला लावले, कोणत्या लक्षणांनी घाबरायचे आणि कोणत्यांनी नाही ते समजावले आणि पुढचे चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून माझे तापमान विचारले. ताप साधाच निघाला. त्या चौदा दिवसांत सूचनेचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही, आणि मलाही तो करण्याचे धैर्य झाले नाही.

आता मला त्यांचे आभार मानायचे आहेत, पण ती सही जागेवर असेपर्यंत त्या आभारांना काय अर्थ आहे? म्हणून मी ती आज मागे घेतो. आणि वाढदिवसाची भेट म्हणून आपणा सर्वांकडून एकच मागतो. या दोन महिन्यांत ज्या एखाद्या माणसामुळे आपला एखादा दिवस निभावून गेला असेल, त्याने नेमके काय केले, ते इथे लिहावे. नुसते 'सर्वांचे आभार' नको.

सचिव (१०.४०)
काका, आपल्या भावनांचा आदर आहे. परंतु ११ मार्चला ही जागतिक साथ असल्याचे जाहीर झाले होते, त्याला तेव्हा दहाच दिवस झाले होते आणि कशाने काय होते, हे कोणालाही धड कळत नव्हते. सूचना ठरावाने लावली गेली, त्यामुळे ती ठरावानेच काढावी लागेल.

ब-४०१ (१०.४४)
मसुदा तुमचाच होता.

सचिव (१०.४५)
त्यावर संमतीचा अंगठा पाठवणाऱ्यांत पहिले नाव आपले होते.

ब-४०१ (१०.५८)
होते. मी ते नाकारत नाही.

ब-२०२ (११.२०)
काकांची कल्पना मला मनापासून पटली. मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅक्युलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले. इंग्लंडमधले कॅप्टन टॉम मूर यांचेही उदाहरण ताजे आहे. मोडलेल्या हाडाच्या आणि कर्करोगाच्या उपचारांत ज्यांनी सेवा केली त्यांच्या ऋणाची आठवण ठेवून, त्यांनी शंभराव्या वाढदिवसाआधी वॉकर धरून बागेत शंभर फेऱ्या घालायचे ठरवले. एक हजार पाउंड जमवण्याचा संकल्प होता, ३० एप्रिलला वाढदिवस उजाडेपर्यंत तीन कोटींहून अधिक जमले. या काळाने आपल्याला किती दिले आहे, याकडे आपणही पाहावे.

अ-१०४ (११.५२)
मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही. माझी आई १७ एप्रिलला हृदयविकाराने गेली. प्रवास बंद असल्यामुळे मला जाता आले नाही. भावाच्या फोनवर मी तिला शेवटचे पाहत होते आणि मध्येच संपर्क तुटला. गेल्या रविवारी, ३ मे रोजी, तिचा वाढदिवस होता आणि दरवर्षीप्रमाणे सकाळी सहाला तिला फोन करण्यासाठी मी उठून बसले होते. या काळाने आपल्याला कुटुंबासोबत वेळ दिला, स्वतःकडे पाहायला शिकवले, असे संदेश इथे रोज येतात आणि ते वाचून मी फोन उलटा करून ठेवते. या काळाने मला काहीही दिलेले नाही. कृतज्ञतेचा गृहपाठ कृपया मला देऊ नये.

अ-३०१ (११.५५)
ताई, आम्हाला हे माहीत नव्हते. फार वाईट वाटले.

ब-४०२ (दुपारी १२.३०)
तुम्ही माझ्या मुलाच्या वयाच्या आहात, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुम्ही लिहिले नाहीत, तर काहीही बिघडत नाही. साथीचे आभार मानायला मी कोणालाही सांगितलेले नाही. तिने जे नेले ते नेलेच, आणि ते भरून आले असे कोणी म्हणू नये. माझी पत्नी गेली त्यानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवशी 'उरले आहे त्यात समाधान माना' असे मला एका स्नेह्यांनी सांगितले होते आणि त्यांच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की माणसांनी माणसांसाठी काही केले ते नोंदवले जावे. आईंविषयी कधी लिहावेसे वाटले, तर जरूर लिहा. आम्ही सगळे वाचू.

ब-२०२ (१२.४१)
माझे शेवटचे वाक्य मी विचार न करता लिहिले. अ-१०४ मधल्या ताईंची मी क्षमा मागतो.

ड-५०२ (१.१०)
मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका रोज संध्याकाळी वर्गातल्या एकेका मुलाला फोन करून पाच मिनिटे बोलतात, त्यात अभ्यासाचे काहीच नसते. थोरली त्या दिवशी नीट जेवते. हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही, आज सांगेन.

अ-३०१ (४.१५)
गच्ची ३१ मेपर्यंत बंद आहे, हे कृपया लक्षात असावे. तेच तेच लिहितो म्हणून अनेकांना माझा राग येत असेल, याची मला जाणीव आहे. माझ्या पत्नीला नववा महिना लागला आहे. प्रसूतीच्या वेळी मला आत सोडतील की नाही, हे अजून कोणी सांगत नाही. ही एकच गोष्ट माझ्या हातात आहे, म्हणून ती मी धरून बसलो आहे.

ब-४०१ (४.२८)
हे आधी सांगितले असतेत, तर सकाळी मी तसे बोलले नसते. गच्चीचा विषय माझ्याकडून कायमचा बंद.

अ-१०४ (७.०५)
आईविषयी नंतर लिहीन. आज एकच लिहिते. १७ एप्रिलच्या रात्री ब-४०१ मधल्या काकू माझ्या उघड्या दारासमोर, समोरच्या भिंतीला लावून खुर्ची मांडून बसल्या. दोन वाजेपर्यंत बसल्या होत्या. एक शब्दही बोलल्या नाहीत.

क-६०३ (रात्री ९.४०)
कामाच्या जागी फोन कपाटात ठेवावा लागतो, त्यामुळे सगळे आत्ताच वाचले. काका, शुभेच्छा परवा सकाळीच देईन, तेव्हा तापमानही विचारीन, सवय झाली आहे. आपण सहीबद्दल लिहिलेत ते मी दोनदा वाचले. सूचनेचे मला फार लागले होते आणि ते पूर्ण गेले आहे, असे खोटे लिहिणार नाही. चौथ्या मजल्यावर दम खायला थांबते तेव्हा रोज ते आठवते. माझी मुलगी मार्चपासून बहिणीकडे आहे. १९ एप्रिलला तिला आठवे वर्ष लागले, ते मी फोनवर पाहिले. त्या दिवशी माझी पाळी दोन तास आधी संपवून माझे काम स्वतःवर घेणारी सहकारी आहे, तिचे नाव मी उद्या तिला विचारून इथे लिहीन. अ-३०१, वहिनींना बाळाची हालचाल कमी जाणवली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रुग्णालयात कळवा आणि मलाही फोन करा.

सचिव (९.५८)
ताई, आत्ता खाली जाऊन सूचना काढून आलो. ठरावाचे पुढच्या सभेत पाहू. लिफ्टच्या दारावर चिकटपट्टीच्या खुणा राहिल्या आहेत, त्या सकाळी मी पुसतो. आपण किती वाजता पोहोचता?

क-६०३ (१०.०१)
पावणेअकरापर्यंत.

सचिव (१०.०२)
ठीक आहे. लिफ्ट रात्री दहाला बंद करतात, ती आज चालू ठेवायला सांगतो.