बदलत्या नेटवर्कमध्ये फिरत्या एजंटांची संख्या कशी आवरावी?

टेकडीकर (पुणे):
पदव्युत्तर प्रकल्पासाठी आम्ही वेताळ टेकडीवरील वायरलेस सेन्सरच्या नेटवर्कचे सिम्युलेशन करत आहोत. पावसात भिजलेल्या झाडीमुळे काही लिंक मध्येच क्षीण होतात, हे त्यात धरले आहे. मार्ग शोधणारे छोटे सॉफ्टवेअर एजंट मुंग्यांप्रमाणे प्रत्येक नोडवर (म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक सेन्सरवर) फेरोमोनचा, म्हणजे मुंग्या वाटेवर खूण म्हणून सोडतात त्या वासाच्या द्रव्याचा, आकडा ठेवतात आणि मागून येणारे त्यावरून वाट निवडतात. अडचण अशी की, लिंक बिघडल्यावरही एजंट बराच काळ जुन्याच वाटेला लागतात, आणि एजंट वाढवले तर त्यांच्याच वाहतुकीत बॅटरी खर्च होते. मध्यवर्ती नियंत्रक न ठेवता यावर उपाय आहे का?

सदाशिव:
जुनी वाट न सोडण्याचा दोष मुळात मुंग्यांमध्येच आहे. गॉस, देन्यूबूर्ग आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अर्जेंटिनी मुंग्यांना आधी केवळ लांबची वाट दिली आणि जवळची वाट नंतर जोडली, तेव्हा वारूळ बहुतांशी लांबच्याच वाटेवर अडकून राहिले, कारण त्यांचे फेरोमोन फार सावकाश उडते. म्हणून इथे निसर्गाची हुबेहूब नक्कल करू नये. बाष्पीभवनाचा दर, म्हणजे फेरोमोनचा आकडा आपोआप घटण्याचा वेग, लिंक बदलण्याच्या वेगाशी जुळेल इतका वाढवावा. शिवाय थोड्या एजंटांना फेरोमोन न पाहता वाट निवडू द्यावी. स्कूनडरवूर्ड आणि सहकाऱ्यांनी टेलिफोन नेटवर्कसाठी मुंग्यांची पद्धत मांडली, तेव्हा असा यादृच्छिकपणा मुद्दाम ठेवला होता. माझ्या मते तुमच्या नेटवर्कसाठी हीच सर्वांत महत्त्वाची तरतूद आहे.

औंधची वाचक:
संख्येचा प्रश्न मात्र बाष्पीभवनाने सुटत नाही. त्यासाठी जिवाणूंकडे पाहावे: आपण किती आहोत हे ते मोजत नाहीत, भोवतालच्या संकेतद्रव्याच्या तीव्रतेवरून ओळखतात. तसेच प्रत्येक नोडने फक्त मागचा एजंट येऊन किती वेळ झाला एवढेच पाहावे. भेटी दाट झाल्या, तर आलेला एजंट तिथेच संपवावा. विरळ झाल्या, तर त्याची एक प्रत काढावी.

टेकडीकर:
पण लिंक तुटून काही नोड एकटे पडले, तर तिथे प्रत काढायलाही एजंट उरणार नाही.

औंधची वाचक:
तिथे नोडनेच नवा एजंट जन्माला घालावा, पण यादृच्छिक काळ थांबून. अन्यथा शेजारचे सगळे नोड एकाच क्षणी एजंट सोडतील आणि लिंक परत जोडली जाताच गर्दी उसळेल. थांबण्याचा हा काळ बाष्पीभवनाच्या काळापेक्षा कमी असावा, म्हणजे वाटांच्या खुणा पुसल्या जाण्याआधी नवा एजंट निघालेला असेल.